थकलेले बिल आणि हातातल्या तारखा

वसई पूर्वेला महामार्गाच्या दिशेने निघाले की नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव, गौराईपाडा अशी नावे लागतात. या पट्ट्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटीला लागून दुसरी आणि प्रत्येकीत गाळ्याला लागून गाळा. कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे प्रेस पार्ट, कुठे लेथवरचे टर्निंग, कुठे पुठ्ठ्याची खोकी, तर कुठे प्लेटिंग. मालाची पार्टी बहुतेक वेळा दुसरीकडे असते: अंधेरीत, भिवंडीत, वापीत, नाहीतर थेट राजकोट किंवा दिल्लीला. माल टेम्पोत चढतो, चलनावर सही होते, बिल जाते. त्यानंतर सुरू होतात फोन. "साहेब बाहेर आहेत", "अकाउंटवाला रजेवर आहे", "पुढच्या आठवड्यात नक्की". काही महिन्यांनी फोन उचलणेही बंद होते.

तोवर गाळ्यातल्या माणसाचे पैसे केव्हाच खर्च झालेले असतात. कच्चा माल रोखीने किंवा जेमतेम महिन्याच्या उधारीवर आणलेला असतो. कामगारांचा पगार, गाळ्याचे भाडे, महावितरणचे बिल यांपैकी काहीही पार्टीच्या पेमेंटसाठी थांबत नाही. जीएसटीही थांबत नाही. ४ लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ७२ हजार रुपये कर होतो. बिल फाडले की हा कर सरकारजमा करावाच लागतो, मग पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. पैसे बुडालेच, तर भरलेला कर परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही. म्हणजे बिल बुडते तेव्हा नफा जातो, भांडवल जाते आणि वर खिशातून भरलेला करही जातो.

अशा वेळी बहुतेक जण दोनच वाटा धरतात: गप्प बसणे किंवा भांडणे. दोन्हींमधून पैसे क्वचितच येतात. कायदा छोट्या उद्योजकाच्या बाजूने बराच उभा आहे, पण तो बोलतो कागदांच्या आणि तारखांच्या भाषेत. माल निघण्याआधीपासून तीन वर्षांपर्यंत कोणत्या दिवशी काय करायचे हे ज्याला ठाऊक असते, त्याचे पैसे सहसा बुडत नाहीत.

आधी पार्टी ओळखा

पैसे न देणारे सगळे सारखे नसतात. एकाकडे खरोखरच पैसे नसतात, कारण त्याचेही कुठेतरी अडकलेले असतात. दुसऱ्याकडे पैसे असतात, पण पुरवठादारांची उधारी हेच त्याचे बिनव्याजी भांडवल असते, आणि जो जास्त मागतो त्याला तो आधी देतो. तिसरा मालात खोट काढतो: माप चुकले, रंग उतरला, उशीर झाला. यातली काही तक्रार खरी असू शकते. चौथ्याने सुरुवातीपासूनच बुडवायचे ठरवलेले असते.

पहिल्याकडून हप्ते लिहून घ्यावेत आणि पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत. दुसऱ्यावर कायद्याचा दाब चालतो, आणि वसईतली बहुतेक थकबाकी या दुसऱ्या प्रकारची असते. तिसऱ्याशी वाद तक्रारीच्या तारखेवर आणि लेखी पुराव्यावर चालतो. चौथ्याच्या बाबतीत पुढचा माल त्याच दिवशी बंद करणे ही पहिली वसुली. "थांबवला तर मागचे पैसेही जातील" या भीतीने नवा माल पाठवणे म्हणजे थकबाकी वाढवणे.

माल निघण्याआधी

नवी पार्टी आली की तिचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहावा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. नोंदणी कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली, नावात मालक एकटा आहे की कंपनी, रिटर्न वेळेवर भरले जातात का, हे तिथे दिसते. महिनोन् महिने रिटर्न न भरणाऱ्याला मोठी उधारी देण्यात अर्थ नाही.

ऑर्डर तोंडी असेल तर ती ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून परत पाठवावी: काय माल, किती, काय भाव, पैसे किती दिवसांत. पर्चेस ऑर्डर आली की ती नीट वाचावी. तिच्या मागे बारीक अक्षरांत ९० किंवा १२० दिवसांची मुदत छापलेली असते आणि कुणी ती पाहत नाही. चलनावर माल घेणाऱ्याची सही, नाव, तारीख आणि शिक्का घ्यावा. टेम्पोवाल्याला हे काम आधी समजावून सांगावे, कारण पुढे सगळा हिशोब त्या तारखेपासून सुरू होतो. ई-वे बिल आणि वाहतुकीची पावतीही त्याच फाइलमध्ये ठेवावी.

आणि या सगळ्याच्या आधी उद्यम नोंदणी, कारण पुढे सांगितलेले छोट्या उद्योगाचे कायदेशीर संरक्षण तिच्यावर उभे आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. वसईतले बहुतेक गाळे या दोनांत बसतात. बिलावर आणि लेटरहेडवर उद्यम क्रमांक छापून घ्यावा, म्हणजे "तुम्ही लघुउद्योग आहात हे आम्हाला माहीत नव्हते" असे पार्टीला म्हणता येत नाही.

नोंदणी पैसे अडकल्यावर करून चालेल का? २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माल पुरवल्यानंतर नोंदणी केली तर तिचा लाभ मागच्या पुरवठ्याला मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. गाळेवाल्याने त्या वादात न पडता पहिल्या ऑर्डरच्या आधीच नोंदणी करावी. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळत असली, तरी ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती आहे. विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना मिळत नाही.

पंधरा दिवस, पंचेचाळीस दिवस

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. तो २ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. देयकांबाबतची त्याची कलमे १५ ते २४ छोट्या उद्योजकाने वकिलाकडे जाण्याआधी स्वतः वाचावीत इतकी सोपी आहेत.

माल मिळाल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी हरकत घेतली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने माल स्वीकारला गेला. म्हणून चार महिन्यांनी "माल खराब होता" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: १५ दिवसांतले तुमचे पत्र कुठे आहे? हरकत वेळेत आली असेल तर ती दूर करून, दूर केल्याचे लेखी घ्यावे. त्या दिवसापासून मुदत मोजली जाते.

पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल तर स्वीकाराच्या दिवसापासून १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत लेखी ठरली असेल तर ती मुदत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापले असले आणि तुम्ही त्यावर सही केली असली, तरी कायद्यासमोर ते ९० दिवस टिकत नाहीत.

मुदत उलटली की व्याज सुरू होते, आणि ते साधे नाही. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के होते. ४ लाखांवर वर्षाला सुमारे ७१ हजार, दोन वर्षांत सुमारे १ लाख ५५ हजार. करारात याहून कमी व्याज लिहिले असले किंवा व्याजाचा उल्लेखच नसला, तरी हाच दर लागू होतो. शिवाय हे व्याज पार्टीला आपल्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. आणि बांधकामाच्या ठेक्यासारख्या कामांना, ज्यांत माल आणि मजुरी एकत्र असते, हा कायदा लागू होतो का यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत तो लागू होत नाही असे म्हटले आहे. नालासोपारा-विरारच्या बिल्डरांकडे फॅब्रिकेशन किंवा वायरिंगची कामे घेणाऱ्यांनी म्हणून मालाचे आणि मजुरीचे बिल कसे करावे, हे आधीच वकिलाला विचारून घ्यावे.

परिषदेपुढे अर्ज

४५ दिवस उलटल्यावर न्यायालयाआधीची एक वाट उघडते: सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद. राज्य सरकारने नेमलेली ही परिषद असते आणि तिचे अध्यक्षपद उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याकडे असते. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने समाधान पोर्टल सुरू केले, तेव्हापासून घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. पर्चेस ऑर्डर, बिले, चलने, खातेउतारा, पाठवलेली पत्रे आणि उद्यम प्रमाणपत्र एवढे कागद जोडायचे.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जागा. पुरवठादार जिथला, तिथली परिषद. पार्टी देशात कुठेही असो. वालीवच्या माणसाला राजकोटला खेटे घालावे लागत नाहीत, राजकोटच्या पार्टीला इकडे उत्तर द्यावे लागते. पर्चेस ऑर्डरवर "वाद झाल्यास लवाद दिल्लीत" असे छापले असले तरी परिषदेचा अधिकार जात नाही, हेही महाकाली फूड्सच्या निकालाने स्पष्ट केले.

परिषद आधी समेट घडवून पाहते. तो फिसकटला तर लवाद म्हणून निवाडा देते, आणि त्या निवाड्याची दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होते. कायद्यात यासाठी ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात बहुधा जास्त लागतात, म्हणून अर्ज करून विसरू नये, तारखांचा पाठपुरावा करावा. पण अनेक पार्ट्या पहिली नोटीस पोहोचताच बोलणी करायला येतात, कारण चक्रवाढ व्याजाचा आकडा त्यांच्या अकाउंटंटला दिसतो.

निवाड्याला आव्हान द्यायचे तर पार्टीला रकमेच्या ७५ टक्के आधी न्यायालयात भरावे लागतात. ही अट किती खरी आहे याचा कस महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात लागला. स्नेहदीप स्ट्रक्चर्स या लघुउद्योगाचे विलंबित देयकाचे येणे होते ते महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाकडे, म्हणजे लघुउद्योगांना हात देण्यासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्याच महामंडळाकडे. लवादाच्या निवाड्याला आव्हान देताना रक्कम भरावी लागणार नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयात मान्य झाली होती. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली आणि ७५ टक्के भरल्याशिवाय आव्हान ऐकता येणार नाही असे सांगितले. हा निकाल १९९३ च्या जुन्या कायद्याखालचा होता, पण २००६ च्या कायद्यात हीच अट कायम आहे. देणेकऱ्याला नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणे परवडू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

पार्टीच्या कराचे गणित

तगाद्याच्या पत्रात विनवण्या असतात, तशी पार्टीच्या सीएला समजणारी दोन वाक्येही असावीत.

पहिले वाक्य प्राप्तिकराचे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी (एच) आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल कायद्यातल्या मुदतीत दिले नाही, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरले जाते. ३१ मार्चला मुदत उलटलेले ४ लाख देणे बाकी असेल, तर ते त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जातात आणि २५ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला १ लाखाचा कर आधी मोजावा लागतो. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हे तत्त्व ठेवले आहे. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडून थकबाकीचे पत्र पाठवणे हा चांगला मुहूर्त आहे.

दुसरे वाक्य जीएसटीचे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर पार्टीने त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. ४ लाखांच्या बिलावर ही रक्कम ७२ हजार. १६० व्या दिवशी याची आठवण देणारे पत्र जावे.

पार्टी कंपनी असेल तर तिसरीही गोष्ट लिहावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवलेले पैसे कंपनीला दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडे कळवावे लागतात. २०१९ पासूनचा हा नियम आहे. पत्राचा सूर धमकीचा नसावा. कायदा काय म्हणतो तेवढेच शांतपणे लिहिले की पुरते.

चेक परत आला तर

हातात पार्टीचा चेक असेल आणि तो न वटता परत आला, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ हातात येते. इथे तारखा सगळ्यांत कडक आहेत. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा. परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत पार्टीला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "स्टॉप पेमेंट" केले किंवा खातेच बंद केले, तरी सुटका नाही.

तक्रार कुठे करायची, याला महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा इतिहास आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथेच तक्रार करावी. म्हणजे पुरवठादाराने पार्टीच्या गावी जायचे. छोट्या माणसांना हे फार जड गेले. २०१५ मध्ये कायदा बदलला, आणि आता चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरला, त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात तक्रार होते. खाते वसईतल्या शाखेत असेल तर तक्रार वसईत. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकारही न्यायालयाला मिळाला. अशी बरीच प्रकरणे लोकअदालतीत मिटतात. तिथला समझोता हुकूमनाम्याच्या तोलाचा असतो आणि त्यावर अपील नाही.

दिवाणी वाट

उद्यमचे संरक्षण नसेल तर दिवाणी दावा. दावा ३ लाखांपेक्षा कमी रकमेचा असेल तर साध्या दिवाणी न्यायालयात. ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद २०१५ च्या कायद्यानुसार व्यापारी न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स या थकबाकीच्याच वादात ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची असल्याचे सांगितले. मध्यस्थीला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ दाव्याच्या मुदतीत मोजला जात नाही.

व्यवहार लेखी करारावर, हुंडीवर किंवा चेकवर उभा असेल आणि रक्कम निश्चित असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात पार्टीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते, आणि बचाव मांडण्याची परवानगी न्यायालयाकडून मागावी लागते. सांगण्यासारखा बचावच नसेल तर हुकूमनामा लवकर होतो. पण हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्यानंतर दरखास्त लावून पार्टीचे बँक खाते, माल, मालमत्ता जप्त करून घ्यावी लागते. म्हणून पार्टीचे खाते कोणत्या बँकेत आहे, जागा स्वतःची की भाड्याची, ही माहिती व्यवहार गोड असतानाच लिहून ठेवावी.

दिवाळखोरी संहितेचे नाव घेऊन घाबरवण्याची पद्धत २०१६ नंतर रूढ झाली. मार्च २०२० मध्ये तिची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली, त्यामुळे बहुतेक गाळेवाल्यांना ती वाट राहिली नाही. शिवाय ती कंपनी वाचवण्याची किंवा गुंडाळण्याची वाट आहे, बिल वसूल करण्याची नाही.

जॉबवर्क करणाऱ्यांचा हक्क

वसईत कितीतरी गाळे दुसऱ्याच्या मालावर काम करतात. मटेरियल पार्टीचे, मजुरी आपली. अशांसाठी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० महत्त्वाचे आहे. ज्या मालावर कष्ट आणि कौशल्य खर्च केले, त्याची मजुरी मिळेपर्यंत तो माल आपल्याकडे ठेवण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. कायद्याने उदाहरण दिले आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचे. मात्र करारात वेगळे ठरलेले नसले पाहिजे, आणि उधारी कबूल केली असेल तर हा हक्क राहत नाही. त्याच कामाची मजुरी अडली असेल तर त्या कामाचा माल ठेवता येतो. जुन्या थकबाकीसाठी नवा माल अडवू नये, त्यातून उलटा खटला होऊ शकतो.

तीन वर्षांची भिंत

उधारीच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. ओळखीच्या पार्टीबरोबरच हा काळ सर्वांत सहज निसटतो, कारण गोड बोलण्यात वर्षे जातात. मुदत संपण्याआधी पार्टीने देणे लेखी कबूल करून सही केली, किंवा थोडी रक्कम दिली आणि तिची लेखी नोंद राहिली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक पार्टीकडून खात्याच्या शिलकीची सहीशिक्क्यासह कबुली घेणे ही सवय लावावी.

या मुद्द्यावरचा अलीकडचा निकालही महाराष्ट्रातलाच. सोनाली पॉवर इक्विपमेंट्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुदत उलटलेली थकबाकीही परिषदेपुढे समेटासाठी नेता येते, पण समेट फसून लवाद सुरू झाला की मुदत कायदा लागू होतो. समेटात पार्टीने नकार दिला तर जुने येणे अडते, हे त्यातून उघड आहे.

व्हॉट्सअॅपवर "हो, देतो" असे आले असेल तर तेही उपयोगी पडते. पण फोनमधला पुरावा न्यायालयात नेताना त्यासोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट पक्की केली, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे. तेव्हा जुना फोन विकू नये आणि चॅट पुसू नये.

वसुलीवाले नकोत

कागद नको, माणसे पाठवा, असा सल्ला देणारे कुठेही भेटतात. ही रीत जुनी आहे. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने दिलेल्या अहवालात, सावकार देणेकऱ्याच्या दारात कसा बसतो, त्याचे खाणेपिणे आणि येणेजाणे कसे अडवतो, याचे वर्णन आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने पुढे दैवी कोपाची भीती घालून दारात धरणे धरून बसणे गुन्हा ठरवला आणि कलम ५०८ मध्ये त्याचे उदाहरणच दिले. आजही धमकी आणि खंडणी हे गंभीर गुन्हे आहेत. अशी माणसे पाठवली की येणे आपले असूनही आरोपी आपण होतो, आणि मूळ देणेकरी तक्रारदार होऊन बसतो.

पोलिसांकडे जाण्याचेही भान हवे. पैसे दिले नाहीत एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते: खोटा पत्ता, बोगस जीएसटी क्रमांक, अनेकांकडून एकाच वेळी माल उचलून पसार होणे. असे घडले असेल तर फसलेल्या सगळ्यांनी मिळून, कागदांसह, मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे जावे. एकेकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येते.

मागण्यात कमीपणा नाही

मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. टीआरईडीएस या रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने चालणाऱ्या ऑनलाइन मंचांवर बिल चढवायचे, कंपनीने ते मान्य करायचे, आणि बँका बोली लावून पैसे लगेच द्यायच्या. नंतर कंपनीने पैसे थकवले तर बँक पुरवठादाराकडे परत मागत नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी आता सक्तीची आहे. तुमची पार्टी त्यात येते का, हे ऑर्डर घेतानाच विचारावे.

छोट्या उद्योजकाला खरी अडचण होते ती संकोचाची. पार्टी तुटेल, बाजारात नाव होईल, आपण कजाग ठरू, या भीतीने तो पत्रच लिहीत नाही आणि त्याची मुदत निघून जाते. जी पार्टी ४५ दिवसांचे पत्र मिळाले म्हणून तुटते, तिचा धंदा आपल्याच पैशांवर चालला होता. उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी पत्रांचे मराठी नमुने तयार केले, परिषदेचे अर्ज भरून द्यायला एखादा जाणकार बसवला आणि थकबाकीदारांबाबत एकमेकांशी बोलण्याची सवय लावली, तर हा संकोच बराच कमी होईल.

आपल्या प्रकरणाचा निर्णय आपल्या वकिलाला विचारूनच घ्यावा. पण वकिलाकडे जाण्याआधी तीन कामे गाळ्यातच होतात. उद्यम नोंदणी तपासा. प्रत्येक थकलेल्या बिलासमोर स्वीकाराची तारीख, पंचेचाळिसावा दिवस, एकशेऐंशीवा दिवस आणि तिसरे वर्ष लिहा. ज्या बिलाची तारीख सर्वांत जवळ आली आहे, त्या पार्टीला आज पत्र पाठवा, स्पीड पोस्टने आणि पोच ठेवून. कामगाराने केलेल्या कामाचा पगार आपण महिन्याच्या महिन्याला देतो. आपण केलेल्या कामाचे पैसे तितक्याच ठामपणे मागणे, हे त्या पगाराशी प्रामाणिक राहणेच आहे.